सुताचं दुसरं टोक

ही गोष्ट खरी आहे. ऐकीव नाही, मैत्रिणीच्या मामाची नाही. माझ्या घरात, माझ्याच बाबतीत घडलेली आहे. पटलं नाही तर पुढे सरका, मी वाद घालायला येणार नाही. मला फक्त कुणाला तरी सांगायचं आहे आणि सांगायला घरात माणूस नाही.

आणखी एक. ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नाही, पिंपळ नाही, कुत्र्याचं रडणं नाही.

भर दुपारची आहे.

सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. एप्रिलमध्ये दुपारी इथं रस्त्यावर जी सामसूम असते, ती मध्यरात्रीही नसते. दारं बंद, खिडक्यांना ओले पडदे, कुत्रीसुद्धा गटारीत जाऊन झोपलेली.

जागा भवानी पेठेतली. गल्लीचं नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथेच राहते.

माझं नाव वैजयंती. माहेर करमाळ्याजवळचं खेडं, सासर बार्शी. माझे मिस्टर अमृत सरकारी नोकरीत होते. दोन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेले. त्यांच्या जागेवर अनुकंपा तत्त्वावर मला नोकरी लागली आणि पोस्टिंग मिळालं सोलापूरला. आमची ओवी तेव्हा तिसरीत होती. तिला सासूबाईंनी बार्शीतच ठेवून घेतलं.

"तू तिकडं एकटी. दिवसभर हापिसात. पोरीकडं कोण बगणार? आदी घर घरासारखं कर, मग ने की," त्या म्हणाल्या.

सासूबाई वाईट नाहीत. त्यांचा मुलगा गेला होता आणि ओवीची हनुवटी थेट त्याच्यासारखी आहे. त्यांनाही ती सोडवत नव्हती, हे मला कळत होतं. पण मला तरी दुसरं कोण होतं? ओवीला घरी आणायचं, एवढं एकच मनात धरून मी त्या वर्षी जगत होते.

खोली तशी बरी होती. पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर. मालक पुण्याला. फरशी नवी, भिंतींना पांढरा चुना. फक्त हॉलच्या आतल्या कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक तेलकट डाग होता. वर्षानुवर्षं कुणीतरी पाठ टेकून बसलं की भिंतीला पडतो ना, तसा. वरून चुना मारलेला होता, तरी डाग आतून उमटायचाच.

घरामागे टॉवेलचा कारखाना. मागांची खटखट दिवसरात्र चालू. पहिले काही दिवस मला झोप लागली नाही. मग अशी सवय झाली की लाईट जाऊन माग बंद पडले की मी दचकायचे. तो आवाज थांबला की घर किती रिकामं आहे ते कळायचं.

एकदा व्हिडिओ कॉलवर ओवीला घर दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली,

"आई, तुझं घर दवाखान्यासारखं दिसतंय."

लेकरं किती सहज बोलून जातात. फोन ठेवल्यावर मी खूप रडले.

दोन दिवसांनी तिनं आजीच्या मोबाईलवरून एक फोटो पाठवला. कुठल्या तरी घराचा हॉल, आणि भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवे पट्टे. एक पिवळा, एक निळा. खाली बोलून पाठवलेला मेसेज: "आई, असे पट्टे कर. मग मी येते."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "परीक्षा झाली की रविवारी येतो आमी. बगू."

झालं. मला तेवढंच पुरे होतं.

पेंटरला विचारलं. तो म्हणाला, लग्नसराईत एका भिंतीसाठी कोण येतंय ताई. मालकाला फोन लावला. ते म्हणाले, "रंग द्या, काय बी करा. पर भितीला खिळा मारायचा न्हाय." सोलापूरचा मालक असो की पुण्याचा, भिंतीतल्या खिळ्याचं दुःख सगळ्यांना सारखंच.

म्हटलं, आपण करू. मी गवंड्याची पोरगी आहे, रंगाचा ब्रश काही परका नाही.

आता पट्टे मारायचे तर आधी सरळ रेघ पाहिजे. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, ती सुतानं मारायचे. सुती दोऱ्याला कपड्याची नीळ चोळायची, दोन्ही टोकं भिंतीवर ताणून धरायची, मध्ये चिमटीनं ओढून सोडायचं. टण्... आणि भिंतीवर निळी सरळ रेघ.

याला दोन माणसं लागतात. लहानपणी दुसरं टोक माझ्याकडे असायचं. आण्णांचा एकच नियम होता.

"सोड म्हणल्याशिवाय सोडायचं न्हाय. हात भरू दे न्हायतर मुंग्या येऊ दे."

आणि काम झालं की ते न विसरता म्हणायचे, "सोड गं." तोवर मी खरंच सोडत नसे.

सासूबाई यायच्या आधीच्या रविवारी दुपारी मी कामाला लागले. भिंतीवर पिवळा रंग आधीच देऊन ठेवला होता. आता रेघा मारून, कडेला कागदी टेप लावून निळे पट्टे भरायचे होते.

दुसरं टोक धरायला माणूस नाही. खिळा मारायचा नाही. म्हटलं, टेपनं चिकटवू.

चिकटवलं. या टोकाला येऊन ताणलं... टेप सुटली.

पुन्हा चिकटवलं. पुन्हा सुटली.

तिसऱ्यांदा सुटली तेव्हा मी हातात सूत घेऊन खालीच बसले. घामानं निथळत होते. नीळ गालाला लागलेली. हसू पण येत होतं आणि रडू पण. अमृत असते तर एका हातानं सूत धरलं असतं आणि दुसऱ्या हातानं मोबाईल बघत बसले असते. मी ओरडले असते. भांडण झालं असतं. भांडायलाही माणूस लागतं हो.

उठून चौथ्यांदा टेप लावली आणि रिकाम्या हॉलमध्ये मोठ्यानं म्हणाले,

"धरा की हो जरा."

तेवढ्यात लाईट गेली.

मागांची खटखट थांबली. पंखा फिरत फिरत मंद झाला आणि थांबला.

मी सूत ताणलं...

सुटलं नाही.

चांगलं ताठ झालं. इतकं ताठ की माझ्या बोटाला रुतलं. मध्ये चिमटीनं ओढून सोडलं. टण्... भिंतीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ. आण्णांनी मारावी तशी.

मी खूश. म्हटलं, बसली एकदाची टेप.

दुसरी रेघ वीतभर खाली मारायची होती. मी माझं टोक खाली घेतलं आणि तिकडचं खाली घ्यायला म्हणून वळले...

तिकडचं टोक आधीच खाली आलेलं होतं.

मी जागेवरून हललेही नव्हते.

मला वाटलं, आपणच मघाशी तिकडे खाली चिकटवलं असेल. उन्हात डोकं चालत नाही. मी सूत ओढलं. टण्. पुन्हा खाली. टण्. पुन्हा खाली. दरवेळी दुसरं टोक माझ्या बरोबरीनं उतरत होतं. भिंतीच्या त्या टोकाला हॉलचा आतला कोपरा होता. तो डाग होता तो कोपरा.

शेवटची रेघ झाल्यावर पायाखाली काहीतरी चिकट लागलं. बघितलं.

टेपचा तुकडा माझ्या टाचेला चिकटलेला होता.

तोच. निळीचे डाग पडलेला. भिंतीला टेप नव्हतीच.

आणि सूत अजून ताठ होतं...

आता तुम्ही म्हणाल, मी किंचाळत बाहेर पळाले असेन. नाही पळाले. खरं सांगते, मला बरं वाटलं. दोन वर्षांत मी बोलायला आणि कुणी ऐकायला, असं पहिल्यांदा झालं होतं. मला एका क्षणासाठीही दुसरं काही वाटलं नाही. मला वाटलं, ते आले.

मी पट्टे भरत गेले आणि बोलत गेले. ऑफिसातलं सांगितलं. ओवीचा पुढचा दात पडला ते सांगितलं. सासूबाईंची थोडी तक्रारही केली. संध्याकाळी लाईट आली, माग सुरू झाले. सूत ढिलं पडलं. मी ते गुंडाळून फळीवर ठेवलं आणि कुकर लावायला गेले.

"सोडा" म्हणायचं राहून गेलं.

गवंड्याची पोरगी असून राहिलं. माणूस दिसत नव्हतं ना समोर, म्हणून सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले, कुलूप उघडलं, तर सूत फळीवर नव्हतं. हॉलमध्ये जमिनीवर सरळ पसरलेलं होतं. एक टोक आतल्या कोपऱ्यात. दुसरं टोक दाराच्या उंबऱ्याशी.

मी गुंडाळून ठेवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच.

कोपऱ्यातल्या भिंतीवर, नव्या पिवळ्या रंगावर, अंगठ्याचा एक निळा ठसा उमटला होता. खाली बसलेल्या माणसानं हात वर धरला तर जिथं टेकेल तिथं. मी त्यावर रंग लावला. दुसऱ्या दिवशी ठसा परत.

तरी मी भ्यायले नाही. उलट दार उघडताना म्हणायला लागले, "आले हो मी." भाजीत मीठ घालताना अंदाज सांगायला लागले. त्या आठवड्यात मी केसांत गजराही माळला एकदा. लिहिताना लाज वाटतेय, पण लिहिते.

मग एका संध्याकाळी मी त्या ठशाशेजारी सहज माझा अंगठा ठेवून बघितला.

ठसा माझ्या अंगठ्यापेक्षा बारीक होता.

अमृतचा अंगठा रुंद होता, नखाशी जुना घाव होता. हा अंगठा त्यांचा नव्हता. पुरुषाचाच नव्हता.

हा अंगठा बाईचा होता...

मी माझा अंगठा मागे घेतला.

आमच्या समोर जगदेवीमावशी राहतात. कडक भाकरी करून विकतात. सत्तरी ओलांडलेली बाई, पण गल्लीतलं सगळं त्यांना पाठ. शनिवारी माझी अर्धी सुट्टी होती. त्या भाकऱ्या द्यायला आल्या. मी म्हटलं, "मावशी, आत या की. पट्टे बघा."

त्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. भिंतीकडे बघितलंच नाही. खाली जमिनीवर पसरलेल्या सुताकडे बघितलं. मग त्याच्या मागोमाग नजर कोपऱ्यापर्यंत नेली.

"ते कुणी धरलंय?" त्यांनी विचारलं.

त्यांनी मला हाताला धरून बाहेर ओट्यावर बसवलं.

"मालकानं सांगितलं न्हाय व्हय तुला? हितं बिरप्पा ऱ्हायचा. घोंगडी विणायचा. तुमी हॉल म्हणता, तितं मागाचा खड्डा हुता, त्यात पाय सोडून बसून विणायचा. नागव्वा त्याची बायकू. तिला दिसायचं न्हाय. जन्मापासनं. पर ताणा धरावा तर तिनंच. मागावर चढवायच्या आदी सूत लांब ताणत्यात न्हवं, ते. तो म्हणायचा हिडी, की ही टोक धरायची. तो म्हणायचा बिडु, की सोडायची."

कानडीत हिडी म्हणजे धर. बिडु म्हणजे सोड. एवढं मलाही माहीत होतं.

"दिवसभर दोनच शब्द त्यांचं. दुसरं बोलणंच न्हाय. आनी तरी लई जीव हुता एकमेकावर," मावशी म्हणाल्या.

"मग?"

"एक दिवस दुपारी तिच्या हातात टोक दिलं, हिडी म्हणला आनी गल्लीच्या कोपऱ्यावरनं चिंचोके आणायला गेला. सुताला खळ लावायला लागत्यात. तितं दुकानाम्होरंच छातीत कळ आली. पडला. लोकांनी उचलून दवाखान्यात न्हेला. नागव्वाला कोण सांगणार? दुपारची येळ, समदी झोपल्याली. दिवेलागणीला आमी आलो, तर ही कोपऱ्यात बसल्याली. भितीला टेकून. हात वर धरून. हातात टोक."

मावशींनी पदरानं तोंड पुसलं.

"मी म्हणले, नागव्वा, सोड गं, गेला तो. ती म्हणली, ते येऊन म्हणू द्यात. मग सोडते."

"आणि?"

"आनी काय. म्होरं म्हातारी हुईस्तोवर एकटीच ऱ्हायली. रोज दुपारी तितंच बसायची. हातात सूत नसायचं, पर मूठ तशीच. तशीच गेली बग ती. हात खाली घ्यायला आमाला लई तरास झाला."

मग त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं.

"तू काय म्हणलीस तितं? धर म्हणलीस?"

मी मान हलवली.

"मग सोड म्हणलीस का?"

मावशी गेल्या. मी बराच वेळ ओट्यावरच बसले. तुम्हाला वाटेल मला भीती वाटत होती. भीती नंतर आली. आधी जे आलं ते दुसरंच होतं. माझं कुणी आलंच नव्हतं. आठवडाभर मी संसाराच्या गप्पा मारत होते, त्या एका परक्या म्हातारीशी. तीसुद्धा माझ्यासाठी आली नव्हती. ती तिच्या माणसाची वाट बघत होती. त्या दिवशी अमृत मला दुसऱ्यांदा गेले.

आत जाऊन मी कोपऱ्यासमोर उभी राहिले.

"सोडा," मी म्हटलं.

काही झालं नाही.

"सोड नागव्वा."

काही नाही.

"बिडु."

सूत हललं...

जमिनीवरून थोडंसं उचललं गेलं. कुणी कान देऊन ऐकावं तसं क्षणभर थांबलं. मग परत ताठ झालं.

आवाज त्याचा नव्हता.

मी कात्री घेतली, सुताचे तुकडे केले आणि घंटागाडी आली तेव्हा कचऱ्यात टाकून आले. दुसऱ्या दिवशी माझी ओवी येणार होती. त्या ठशावर मी रंगाचे तीन हात दिले. कोपऱ्यात स्टूल ठेवलं, स्टुलावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली.

रविवारी सकाळी दोघी आल्या. ओवी चप्पल काढायची विसरून हॉलमध्ये धावली आणि पट्ट्यांसमोर गोल गोल फिरली. "आई! तू खरंच केलेस! तू एकटीनं?" तिनं प्रत्येक पट्ट्यावरून हात फिरवला. निळ्याचं नाव समुद्र ठेवलं, पिवळ्याचं ऊन. मी तिला पोटाशी धरलं तर सोडवेना.

सासूबाईंनी चष्मा वर करून भिंत बघितली.

"सरळ आल्यात की. लई चांगलं दिसतंय."

जेवणं झाली. शेंगाची चटणी, कडक भाकरी, आमरस. पानं उचलताना सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जूनमधी हितल्या शाळेत नाव घाल तिचं. मी येऊन जाऊन ऱ्हाते." मी वाकून त्यांच्या पाया पडले. आयुष्यात इतका आनंद मला फार वेळा झालेला नाही.

दुपारी त्या मागे स्वयंपाकघरात आडव्या झाल्या. ओवी हॉलमध्ये चित्र काढत बसली होती. मी मोरीत भांडी घासत होते. तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

लाईट गेली.

माग थांबले.

गुणगुणणंही थांबलं...

"ओवी?"



"ओवी, काय करतेस गं?"

हात तसेच ओले घेऊन मी बाहेर आले.

स्टूल बाजूला सरकवलेलं होतं. कुंडी नीट खाली ठेवलेली होती. ओवी कोपऱ्यात भिंतीला पाठ टेकून बसली होती. डावा हात वर. मूठ मिटलेली. तोंड दाराकडे.

डोळे बंद.

"ओवी, हे काय?"

"धरलंय," ती हळूच म्हणाली.

तिच्या हातात काहीच नव्हतं. पण अंगठा निळा झाला होता. घरात नीळ नव्हती. उरलेली पुडी मी सुताबरोबरच फेकून दिली होती.

"कुणी सांगितलं तुला धरायला?"

"त्या आजीनं. ती म्हणाली, मी लई दमले गं, जरा येळ तू धर."

मी धावले. मध्येच माझ्या पोटाला काहीतरी आडवं लागलं. बारीक. ताठ. मी खाली बघितलं, काही दिसलं नाही. हात लावला तर बोटाला रुतलं.

"ओवी, सोड ते. सोड म्हणते ना!"

"तू नाही म्हणायचं." डोळे न उघडता ती समजावल्यासारखी बोलली. "ते चिंचोके घेऊन आले की ते म्हणतील."

चिंचोक्यांचं मी तिला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी खालून वाकून तिची मूठ उघडायला गेले. आठ वर्षांच्या पोरीची मूठ, पण एक बोट हलेना. हात थंड पडत चालला होता. मी ओरडत होते, तिला हलवत होते आणि ती दाराकडे तोंड करून शांत बसली होती. त्या तोंडावर वाट बघणं होतं. माझ्या पोरीच्या तोंडावर म्हातारीचं वाट बघणं.

मला आण्णा आठवले. सोड म्हणणारा नसेल तर धरणाऱ्याची सुटका एकाच रीतीनं होते. लहानपणी माझा हात भरून यायचा तेव्हा आई पुढं व्हायची आणि टोक स्वतः धरायची.

मी तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. माझा डावा हात तिच्या मुठीवर ठेवला.

"दे बाळा," मी म्हटलं. "आईकडं दे. मी धरते."

मूठ उघडली.

आणि माझ्या अंगठ्याखाली सूत आलं...

मला वाटलं होतं, दुसऱ्या टोकाला कुणीतरी ओढत असेल. तसं नाही. हाताला कळतं ना, पलीकडे माणूस आहे की नाही ते. पलीकडे कुणीही नाही. तरी सूत ताठ आहे.

ओवीनं डोळे उघडले. "आई, तहान लागली," म्हणाली आणि पाणी प्यायला उठून गेली.

सासूबाई आवाजानं जाग्या होऊन आल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "आई, ओवीला घेऊन आत्ता निघा. संध्याकाळच्या एसटीनं. इथल्या शाळेचं नको. तिकडंच राहू दे तिला."

त्या बघतच राहिल्या. "अगं, आत्ताच तर ठरलं की. काय झालं तुला?"

"मला नाही जमायचं," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

ओवी रडायला लागली. "मी काय केलं? मला पट्टे आवडले की. मी येते म्हटलं होतं ना, आई..."

मी तिला एका हातानं जवळ घेतलं. दुसरा हात मला हलवता येत नव्हता. दोघी रिक्षात बसेपर्यंत मी कोपऱ्यातून उठले नाही. निरोप द्यायलाही उठली नाही म्हणून सासूबाई अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. त्यांचं चूक नाही.

रिक्षा वळल्यावर लाईट आली. माग सुरू झाले आणि हात मोकळा झाला.

तेव्हापासून असंच आहे. रोज नसतं. दुपारी लाईट जाऊन माग थांबले की मी जिथं असेन तिथं माझा डावा अंगठा आखडतो. ऑफिसात असले तर फाईलखाली हात लपवते. घरी असले तर कोपऱ्यात जाऊन बसते. तिथं बसलं की कमी दुखतं. अंगठ्यावर एक बारीक रेघ पडली आहे. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, शिवणकाम करता का?

खोली बदल, असं मावशी म्हणतात. विचार केला होता. पण मी गेल्यावर इथं दुसरा भाडेकरू येईल. त्याच्या घरात लेकरू असलं तर?

आणि आणखी एक आहे, ते कुणालाच सांगितलं नव्हतं. दुपारी मी कोपऱ्यात बसते तेव्हा माझ्या उजव्या बाजूला कुणीतरी बसलेलं असतं. बोलत नाही. खूप दमलेल्या माणसाचा श्वास असतो, तसा श्वास येतो. पहिल्यांदा मी तिकडं मानही वळवली नव्हती. आता... आता कधी श्वास आला नाही तर मी वळून बघते.

कोपऱ्यावरच्या दुकानाकडून पावलं वाजतात, असंही वाटतं. चपलेचा आवाज. गल्लीत येतो. आमच्या ओट्यापर्यंत येतो. पुढे येत नाही.

सकाळी ओवीचा फोन आला होता.

"आई, पट्टे आहेत ना अजून?"

"आहेत."

"मग मी कधी येऊ?"

मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, तू नेहमी बघूच म्हणतेस. मग तिनं हळूच विचारलं, "आई, तुझा हात भरून येत असेल ना? मी येऊ का थोडा वेळ धरायला?"

मी फोन ठेवून दिला.

आत्ता दुपार आहे. लाईट गेलेली आहे. हे सगळं मी एका हातानं टाइप केलंय. काही चुकलं असेल तर समजून घ्या.